आईकडे ठेवलेली दोन वर्षं

"यात तुमचं नाव नाही, आजी," खिडकीमागची मुलगी म्हणाली. मी म्हटलं, पुन्हा बघ. तिने पुन्हा बघितलं. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या माणसांना मोठ्याने आणि सावकाश बोलायची सवय असते. समोरच्याला दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, असं त्यांनी धरूनच चाललेलं असतं. "पॉलिसी चालू आहे. पॉलिसीधारक आहेत, त्यांची पत्नी आहे, मुलगी आहे. तुम्ही नाही. मागच्या नूतनीकरणाला एक सदस्य कमी केलाय." एक सदस्य कमी केलाय. हे वाक्य माझ्या इतकं ओळखीचं होतं की पहिल्या क्षणी मला राग आलाच नाही, उलट जुन्या ऑफिसातलं कोणी रस्त्यात भेटावं तसं झालं. मी स्वतः हे वाक्य किती फायलींवर लिहिलं असेल. लग्न होऊन गेलेल्या मुलींसाठी, नोकरीला लागलेल्या मुलांसाठी, आणि मेलेल्यांसाठी. बहुतेक वेळा मेलेल्यांसाठीच. मागे रांगेत एक माणूस खोकला. मी माझी कागदांची पिशवी उचलली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दोन्ही पिकलेले, पुढच्या बुधवारी पहिला डोळा, असं डॉक्टरांनी दहाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. उजेड समोरून आला की माणसं दुधात बुडाल्यासारखी दिसतील, असंही सांगितलं होतं. दवाखान्याच्या काचेच्या दारातून बाहेर पडताना समोर उजेड होता आणि येणारी माणसं खरंच पांढरी होत होती. त्यांना चुकवत चुकवत मी बसच्या थांब्यापर्यंत आले आणि तिथल्या लोखंडी बाकावर टेकले. मग राग आला. इतका आला की पहिली बस समोरून गेली ती मला कळलीच नाही.

मुलाने मला कमी केलं होतं, आणि कमी करण्याआधी विचारलं नव्हतं. मला विचारलं नव्हतं! बत्तीस वर्षं मी आरोग्यविम्याच्या कंपनीत काढली, आणि तीही वयाच्या टेबलावर. आमच्याकडे माणूस आला की त्याच्या आजाराची चौकशी दुसरीकडे व्हायची, पैशांची तिसरीकडे. माझ्याकडे फक्त वय. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, बाळंतपणाच्या दवाखान्याचं कार्ड, जे असेल ते यायचं, मी ते भिंगाखाली धरायची आणि खाली लिहायची, "मूळ पाहिलं, जुळतं." वयावर हप्ता ठरायचा. पाच-पाच वर्षांचे गट होते. एकेका वाढदिवसाला माणूस एका गटातून दुसऱ्यात जायचा आणि हप्ता चढायचा, पन्नाशीनंतर तर चांगलाच चढायचा. त्यामुळे लोक वय चोरायचे. कोणी दोन वर्षं, कोणी पाच. ब्लेडने खरवडून, शाईने गिरवून, पाण्याचा थेंब पाडून. मला सगळ्या तऱ्हा पाठ होत्या. ऑफिसात मला भिंगबाई म्हणायचे. आधी मागून म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, शेवटी साहेबसुद्धा म्हणायला लागले. मी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला लाकडाची एक पाटी दिली, तिच्यावर कोरलं होतं: बत्तीस वर्षं, एकही पडताळणी परत नाही. ती पाटी अजून बाहेरच्या खोलीत कपाटावर आहे. सून तिच्यावरची धूळ पुसते, हे तिच्याबद्दल सांगायला हवं.

दुसरी बस आली, तिच्यात बसले. खिडकीतून बघण्यासारखं काही दिसत नव्हतं, म्हणून आतलं दिसायला लागलं. मला एक शिंपी आठवला. किती वर्षं झाली त्याला, वीस असतील. अर्ज घेऊन आला तेव्हा गळ्यात मोजायची टेप तशीच होती, दुकानातून उठून आला होता. आमच्याकडे पासष्टनंतर माणसाला नव्याने आत घेत नसत. आधीपासून असलात तर राहा, हप्ता वाढत जाईल, भरत जा. पण दाराबाहेर असलात तर बाहेरच. त्याच्या दाखल्यावर जन्मसाल छत्तीस होतं. भिंगाखाली मला दिसलं की ते तीस आहे. शून्याला वर एक बारीक शेपटी जोडून सहा केला होता, आणि काम इतकं सफाईदार होतं की मी मनातल्या मनात त्याला दाद दिली. फाटलेला कोट रफू करावा तसा त्याने आकडा रफू केला होता. मी म्हटलं, हे चालणार नाही. तो चिडला नाही. टेपचं एक टोक बोटाला गुंडाळत म्हणाला, "बाई, चाळीस वर्षं मला काही झालं नाही. तेव्हा तुमचा माणूस दुकानात येऊन मागे लागायचा, घ्या हो घ्या, तुम्हाला स्वस्तात पडेल. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. आता भरलीय, तर तुम्ही दार लावताय." मी म्हटलं, "नियम आहे." तो म्हणाला, "नियम केला तो किती वर्षांचा होता?" आजूबाजूचे हसले. मीसुद्धा हसले, आणि त्याच्या अर्जावर लाल शिक्का मारला. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. आमच्या टेबलावरची चौकशी नेहमी मागे जायची, जन्माकडे. पुढे माणसाचं काय होतं ते बघायचं टेबल आमच्याकडे नव्हतं.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. तो लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत आहे, दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत फिरतो. दमला की त्याचा डावा पाय जरासा ओढत पडतो, बूट काढायच्या आधीच मला तो आवाज कळतो. त्या दिवशी पाय ओढत होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी आधी पाणी दिलं असतं. मी म्हटलं, "मला कमी केलंस?" त्याने एक क्षणभर सुनेकडे बघितलं. बस्स, तेवढ्यावरून मला कळलं की हे दोघांनी बसून ठरवलं होतं, बहुतेक याच टेबलावर, बहुतेक मी फिरायला गेले असताना. "आई, तुला सांगणार होतो," तो म्हणाला. "कधी? ऑपरेशनच्या टेबलावर?" "चिडू नकोस ना. ऐक तर. घराची पॉलिसी एक असली की हप्ता सगळ्यांत मोठ्या माणसाच्या वयावर धरतात. तुला हे माहितीय, तुझ्याच कंपनीचा नियम आहे. तू त्यात असलीस की तुझ्यामुळे आम्ही सगळेच बहात्तरचे." हे तो चेष्टेने म्हणाला. चेष्टेने म्हटलं की लागत नाही, असं वाटणं त्याला त्याच्या वडिलांकडून आलंय. कोपऱ्यात फोन घेऊन बसलेली माझी नात फिस्सकन हसली. अठरा वर्षांची आहे, तिला बहात्तरची असणं हे गंमतीचं वाटलं तर त्यात तिची काय चूक. "तुझी वेगळी घेऊ," तो म्हणाला, "माझ्या डोक्यात होतंच ते." मी म्हटलं, "वेगळी देत नाहीत. पासष्टनंतर नवीन घेत नाहीत." तो बूट काढायला वाकला. मग म्हणाला, "मला माहीत नव्हतं." "घरात बत्तीस वर्षांचा अनुभव बसला होता, विचारायचंस." "आई, डोळ्यांचं मी भरतो ना. रोख भरतो. दोन्ही डोळ्यांचं. बुधवारी रजा टाकतो." सून म्हणाली, "खरंच आई, त्याची काळजी तुम्ही करूच नका." मी म्हटलं, "मला डोळे नकोत." आणि आत जाऊन पलंगावर बसले. मागून सून हळू आवाजात म्हणाली, "मी म्हटलं होतं, आधी सांग." ते ऐकून मला तिचा राग थोडा कमी यायला हवा होता. आला नाही.

लोक म्हणतील, एवढं काय त्यात, पोरगा रोख भरतोय ना. भरतोय. त्याने मला उपाशी ठेवलं नाही, घराबाहेर काढलं नाही. आज डोळे आहेत म्हणून तो भरेल. उद्या हृदय असेल, परवा कंबरडं असेल, तेव्हा त्याला विचार करावा लागेल, आणि तो विचार करताना मी शेजारच्या खोलीत पडलेली असेन. आणि ज्या दारातून त्याने मला बाहेर काढलं ते आतून उघडत नाही. हे त्याला माहीत नव्हतं म्हणे. मी पलंगावर बसून बत्तीस वर्षं काउंटरवर सांगितलेला धडा स्वतःलाच म्हणून बघितला: वय वाढलं की जोखीम वाढते, जोखीम वाढली की हप्ता वाढतो, तरुणांनी म्हाताऱ्यांचा भार का उचलावा. किती गोड लागायचं हे तेव्हा तोंडात. गणितात चूक नव्हती, आजही नाही. पण उन्हाळाभर रजई स्वस्तात विकायची आणि थंडी पडली की तिच्यासाठी चौपट मागायचे, हा व्यवहार मी जन्मभर न्याय म्हणून सांगितला. आणि तरुण म्हणजे कोणी वेगळी जात थोडीच असते? काउंटरच्या पलीकडे जे म्हातारं उभं असतं ते आपणच असतो, फक्त गट बदलून आलेले. हे कळायला मला स्वतःला कमी व्हावं लागलं. असो. न्यायाचं काय व्हायचं ते होवो. मला त्या दिवशी न्याय नको होता. मला त्याच्या तोंडावरचं ते "मला माहीत नव्हतं" पुसायचं होतं. त्याने ज्या पट्टीने मला मोजलं त्याच पट्टीने त्याला मोजलेलं मला बघायचं होतं. आणि ती पट्टी माझ्याकडे होती. पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात, त्याच्या वडिलांच्या चष्म्याच्या घरात, चार घड्या घालून.

ते कार्ड मी चव्वेचाळीस वर्षं कोणाला दाखवलेलं नाही. बाळंतपणाच्या दवाखान्याचं, पिवळं पडलेलं. मुलगा, वजन, वेळ, तारीख. तारीख मुलाच्या सगळ्या कागदांवर आहे तीच. साल दोन वर्षांनी आधीचं. माझा मुलगा कागदावर एकोणपन्नास वर्षांचा आहे. खरा एक्कावन्न. हे जगात दोन माणसांना माहीत होतं, त्यातला एक गेला. तो चार वर्षांचा असताना त्याच्या खुब्याच्या हाडाला रोग झाला आणि डॉक्टरांनी त्याला छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये घातलं. एक प्लास्टर काढायचे, दुसरं घालायचे. असं दोन वर्षांहून जास्त. मी त्याला कुशीवरून कुशीवर वळवायची, घामाचा वास यायचा, प्लास्टरच्या आत खाज सुटली की विणायची सुई उलटी करून हळूच आत घालायची. सुटला तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि नव्याने चालायला शिकत होता. उंचीला पाच वर्षांच्या पोराएवढा. त्याच सुमारास त्याच्या वडिलांना दुसऱ्या गावी छापखान्यात काम लागलं. नवं गाव, नवी शाळा, ओळखीचं कोणी नाही. मी ठरवलं, या गावात माझ्या मुलाला कोणी मागे पडलेला म्हणणार नाही. बाकीची सात वर्षांची पोरं धावतील आणि हा पायऱ्या बसून चढेल, हे मला बघायचं नव्हतं. तेव्हा जन्माची नोंद करायला कोणी धावत जात नसे, शाळेत आईबाप सांगतील ते लिहून घेत. नव्या गावाला जाणाऱ्या बसमध्ये मी त्याला मांडीवर घेऊन शिकवलं. "बाईंनी विचारलं किती वर्षांचा, की काय सांगायचं?" "सात." "नाही. पाच." "पण मी सात आहे." "आता पाच." तो खूप वेळ बोटं मोजत बसला. मग म्हणाला, "मग सहा आणि सात कुठे गेले?" त्याचे वडील पुढच्या सीटवर हसले. मी म्हटलं, "आईकडे ठेवलेत. मोठा झालास की देईन." त्याला ते पटलं. शाळेच्या बाईंनी विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघत पाच बोटं वर केली आणि मान ताठ ठेवून खोटं सांगितलं. त्या दिवशी मला त्याचा इतका अभिमान वाटला होता की मी गेटाबाहेर जाऊन रडले.

पुढे माझी ती नोकरी. जगाची वयं भिंगाखाली धरणारी बाई घरी एक चोरलेलं वय वाढवत होती, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण ते चोरलेलं नव्हतंच माझ्या मते. ती दोन वर्षं प्लास्टरने खाल्ली होती, मी फक्त भरपाई घेतली होती. मुलाचं लग्न झालं तेव्हा त्याने आमच्याच कंपनीची पॉलिसी काढली. नातेवाइकाची पडताळणी आपण करायची नाही असा नियम. फाईल शेजारच्या टेबलावर गेली होती. शेजारचा चहाला उठला तेव्हा मी ती त्याच्या ट्रेमधून उचलली, शाळेचा दाखला न बघता खाली लिहिलं, "मूळ पाहिलं, जुळतं," आणि जागेवर ठेवून दिली. दुसऱ्याचं भिंग तिच्यावर पडू नये म्हणून. शिंपी आला तो त्याच महिन्यात. आता हे सांगताना मला दिसतं की लाल शिक्का मारताना माझा हात जरा जास्तच जोरात पडला होता.

बुधवारी डोळ्यांसाठी जायचं होतं त्या वेळेला मी ऑफिसात गेले. मुलाने खरंच रजा टाकली होती. मी त्याला सांगितलं, मी मैत्रिणीकडे चाललेय, तू तुझी रजा झोपून काढ. माझ्या जुन्या खुर्चीत आता जी बसते तिला मीच तयार केलं. भिंग डोळ्याजवळ नाही, कागदाजवळ धरायचं, हे मी तिला शिकवलं. मला बघून ती उठून उभी राहिली, खुर्ची दिली, चहा मागवला. मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, पडताळणी दुरुस्तीचा फॉर्म काढ. हा फॉर्म मीच सुरू करवला होता. पडताळणाऱ्याला आपली चूक नंतर लक्षात आली तर त्याने स्वतः लिहून द्यायची, कितीही वर्षांनी. बत्तीस वर्षांत मला तो स्वतःसाठी कधी लागला नव्हता. तिने कार्ड बघितलं, नाव बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "बाई," ती आवाज खाली आणून म्हणाली, "हे तुमच्या मुलाचं आहे." "हो." "वीस वर्षं झाली याला. कोणाला कळणार आहे? राहू द्या ना." "एक्कावन्नला गट बदलतो की नाही?" "बदलतो. आणि मागचा फरक पण निघेल, दंड पण लागेल. आणि बाई, तुमच्या नावावर एक पडताळणी परत आल्याची नोंद होईल. त्या पाटीवर..." "पाटी लाकडाची आहे," मी म्हटलं, "जळेल. लिहून घे." तिने लिहून घेतलं. सही करायची जागा मला दिसेना, तिने माझं बोट धरून तिथे नेलं. मग तिने तिचं भिंग काढून कार्ड तपासलं, नियमाप्रमाणे, माझ्यासमोर, आणि खाली लिहिलं, मूळ पाहिलं. मला तिचा अभिमान वाटला. उठताना ती म्हणाली, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "सगळं उत्तम."

पत्र यायला बारा दिवस लागले. ते बारा दिवस माझ्या अलीकडच्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस होते, लपवायचं कशाला. भूक लागायची. मुलगा रोज विचारायचा, "आई, डोळ्यांची तारीख परत घेऊ का?" मी म्हणायची, "घाई काय आहे." तो माझ्यासाठी मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर घेऊन आला. मी मनात म्हटलं, आण, आण, अजून काय काय आणायचं ते आण. सून भूगोलाचे पेपर तपासायला माझ्या शेजारी बसायची आणि मधूनच एखादं गंमतीदार उत्तर वाचून दाखवायची. मी हसायची. हसताना मला वाटायचं, थांबा तुम्ही सगळे. एकदा स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला आणि तो लंगडत धावत गेला, आणि त्या धावण्यात एक क्षणभर मला सात वर्षांचा पोरगा दिसला, पायऱ्या बसून चढणारा. मी मान फिरवली. मी कधी कोणाचा सूड घेतलेला नाही. सासूने छळलं तेव्हा नाही, साहेबांनी बढती दुसऱ्याला दिली तेव्हा नाही. सगळा साठवलेला राहिला होता बहुतेक, आणि आता एकदम व्याजासकट वर आला. मला फक्त एक गोष्ट हवी होती. पत्र वाचताना त्याचा चेहरा. खिडकीवर मला जे वाटलं ते त्याला वाटताना मला बघायचं होतं. मी दुपारी डोळे मिटून पडले की तो चेहरा रंगवायची: आधी भुवया, मग तोंड, मग त्याला कळलेलं.

रविवारी सकाळी कुरिअरने पत्र आलं. टेबलाशी आम्ही चौघं होतो. मुलगा खिडकीला पाठ करून बसला होता, त्याची ती नेहमीची जागा. नातीने लिफाफा फोडला, कारण तिला फोडायला आवडतं, आणि मोठ्याने वाचायला लागली. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज मंदावला. "बाबा, हे काय? तुझं जन्मसाल दुरुस्त केलंय असं लिहिलंय. मूळ पडताळणी करणाऱ्याच्या अर्जावरून." सुनेने पत्र तिच्या हातातून घेतलं, वाचलं, परत वाचलं. मग मुलाने विचारलं, "आई, हे खरं आहे?" मी म्हटलं, "मूळ पाहिलंय." मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि एका बोटाने त्याच्याकडे सरकवलं. नातीला ते सहन झालं नाही. काही सहन झालं नाही की ती गंमत करते, तेही तिला तिच्या आजोबांकडून आलंय. "म्हणजे बाबा," ती म्हणाली, "तुझ्यामुळे आम्ही सगळे एक्कावन्नचे." ती एकटीच हसली. सुनेचं लक्ष नव्हतं. तिने फोन काढला होता आणि पत्रातला नवा हप्ता आणि मागचा फरक घालून बघत होती, पेपर तपासताना बघते तशी, कपाळाला आठी घालून. आणि मान वर न करता, कोणाचं वाईट चिंतून नाही, निव्वळ गणित म्हणून, ती म्हणाली, "ह्याला वेगळं काढलं तर?"

हे मी रंगवलेल्या चित्रात नव्हतं. हे त्याहून चांगलं होतं. अगदी तेच वाक्य, त्याच टेबलावर, आणि मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नव्हतं. मी टेबलाची कड घट्ट धरली. सून भानावर आली, "अरे, म्हणजे तसं नाही, मी नुसतं..." म्हणाली आणि थांबली. मुलाने कार्ड उचललं असावं, कागदाचा आवाज झाला. मग तो हळू म्हणाला, "सहा आणि सात." कोणालाच कळलं नाही. नात म्हणाली, "काय?" तो तिच्याशी बोलत नव्हता. "बसमध्ये," तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस, आईकडे ठेवलेत. मला वाटायचं, मला ते स्वप्नात पडलंय. इतकी वर्षं मला वाटायचं, ते स्वप्न आहे." त्याचा आवाज कसा होता ते मला सांगता येत नाही. मी म्हटलं, "मोठा झालास की देईन म्हटलं होतं. दिली." मी हे वाक्य बारा दिवस घोटून ठेवलं होतं आणि ते जसं ठरवलं तसंच निघालं, जराही न अडखळता.

आणि मग मी त्याच्याकडे बघितलं. ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते बघायला मान वर केली. त्याच्या मागे खिडकी होती आणि खिडकीत सकाळचं ऊन होतं. मला त्याच्या डोक्याची कड दिसली, खांदे दिसले, आणि मधे जिथे चेहरा असतो तिथे दूध. मी मान इकडे केली, तिकडे केली, डोळे बारीक केले. तो रडत होता की काय, की माझ्याकडे बघत होता, की मला शिव्या देत होता मनातल्या मनात, मला काही कळेना. "तिकडून उठ," मी म्हटलं, "इकडे ये, उजेडाकडे तोंड करून बस." तो उठला. पाय ओढत असल्याचा आवाज आला, आणि तो आवाज माझ्याकडे आला नाही, आतल्या खोलीकडे गेला. सून त्याच्या मागे गेली. नात बसून होती. मी तिला विचारलं, "कसा दिसत होता गं तो?" तिने टेबलावरचं पत्र जवळ ओढलं. मग म्हणाली, "मला नको विचारूस, आजी," आणि पत्राची घडी घालून ते माझ्यासमोर ठेवलं, जणू मला वाचता येणार होतं.